भुवया उचलण्याची शस्त्रक्रिया परदेशात करावी का? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

रत्नागिरीजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या ५१ वर्षांच्या बाईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या चार-पाच वर्षांत त्यांच्या भुवया खाली उतरल्या आहेत, वरच्या पापण्यांवर कातडीची घडी पडते, संध्याकाळपर्यंत कपाळ दुखू लागते आणि "बाई, आज रागावलात का?" असे वर्गातली मुले विचारतात. मुलगा दुबईत नोकरीला आहे. त्याच्या ओळखीच्या एका मध्यस्थाने इस्तंबूलमधील एका क्लिनिकचे पाच दिवसांचे पॅकेज सुचवले असून त्यात विमानतळावरून ने-आण, हॉटेल, भुवया उचलण्याची शस्त्रक्रिया आणि वरच्या पापण्यांची शस्त्रक्रिया असे सगळे आले आहे. मोबाईलवर छायाचित्रे पाठवल्यावर दुसऱ्याच दिवशी होकार आला आणि आता महिनाअखेरीपर्यंत आगाऊ रक्कम मागितली आहे. बाईंना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि मुलीचे लग्न वैशाखात आहे. जावे की नाही, आणि जायचेच ठरले तर काय पाहावे, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, मी प्लास्टिक सर्जन म्हणून कोकणात बरीच वर्षे काम करतो, त्यामुळे आधी माझे मत स्पष्ट सांगतो आणि मग कारणे देतो. आपण लिहिल्याप्रमाणे, म्हणजे केवळ छायाचित्रांवरून ठरलेल्या आणि पाच दिवसांत उरकणाऱ्या स्वरूपात, ही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. तुर्कस्तानात चांगले सर्जन नाहीत म्हणून मी हे म्हणत नाही. तिथे उत्तम प्रशिक्षण घेतलेले प्लास्टिक सर्जन आहेत आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियांचा त्यांचा अनुभव मोठा आहे. माझा आक्षेप वेळापत्रकाला आहे. या शस्त्रक्रियेतील कापण्या-शिवण्याचा भाग एक ते दोन तासांचा असतो. उपचाराचा खरा भार त्याआधीच्या तपासणीवर आणि त्यानंतरच्या काही महिन्यांच्या देखरेखीवर असतो, आणि आपल्याला दिलेल्या पॅकेजमध्ये नेमके हेच दोन भाग नाहीत.

प्रथम तपासणीविषयी. "भुवया उतरल्या" या एका तक्रारीमागे निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. भुवई स्वतः खाली सरकलेली असते, किंवा भुवई जागेवर असून वरच्या पापणीची कातडी सैल होऊन लोंबते, किंवा पापणी उचलणारा आतला स्नायू दुबळा झाल्यामुळे पापणीची कडच बुबुळावर उतरते. या तिसऱ्या प्रकाराला टोसिस म्हणतात. तिन्हींच्या शस्त्रक्रिया वेगळ्या आहेत आणि एकीच्या जागी दुसरी केल्यास चेहरा बिघडतो. पन्नाशीनंतर बहुतेकांत यांपैकी दोन किंवा तिन्ही थोड्याथोड्या प्रमाणात एकत्र असतात, म्हणून कोणाचा वाटा किती हे ठरवणे हेच निदानाचे काम असते.

याचा प्राथमिक अंदाज आपण घरीही घेऊ शकता. आरशासमोर बसून डोळे मिटावेत, कपाळ पूर्ण सैल सोडावे, भुवईच्या वर कपाळावर बोटे टेकवून ते हलू न देता सावकाश डोळे उघडावेत. अशा वेळी भुवई डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या हाडाच्या कडेपेक्षा खाली दिसली, तर भुवई खरोखर उतरलेली आहे. स्त्रियांमध्ये ती या हाडाच्या किंचित वर असते आणि तिचा सर्वांत उंच भाग बाहेरच्या बाजूला असतो. पुरुषांमध्ये ती हाडाच्या पातळीवर आणि सरळ असते. मग बोटाने भुवई हलकेच वर उचलून धरावी. पापणीवरची घडी नाहीशी झाली तर दोष भुवईचा, आणि घडी तशीच राहिली तर तो पापणीच्या कातडीचा. पापणीची कड बाहुलीच्या मध्यापासून साधारण चार मिलिमीटर वर असावी. ती बाहुलीला टेकत असेल तर आतल्या स्नायूची तपासणी करावी लागते. आपल्या लग्नातले किंवा तिशीतले एखादे छायाचित्र शेजारी ठेवून पाहिले तर आणखी उलगडा होतो, कारण काहींच्या भुवया जन्मतःच खाली असतात आणि त्या वर नेल्यास त्या व्यक्तीचा चेहरा परका दिसू लागतो.

संध्याकाळी कपाळ दुखते, असे आपण लिहिले आहे. हा या सगळ्या वर्णनातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला तपशील आहे आणि छायाचित्रावरून ठरवणाऱ्या मध्यस्थाच्या तो लक्षातही आला नसेल. भुवई वर उचलणारा स्नायू एकच असतो, तो म्हणजे कपाळावर पसरलेला फ्रंटॅलिस. खाली ओढणारे मात्र अनेक आहेत. दोन भुवयांमधले करुगेटर आणि प्रोसेरस, तसेच डोळ्याभोवतीचा ऑर्बिक्युलॅरिस. पापणी जड झाली की दृष्टी मोकळी ठेवण्यासाठी फ्रंटॅलिस दिवसभर आखडून राहतो, कपाळावर आडव्या रेषा पडतात आणि सायंकाळी डोके दुखते. अशा रुग्णाच्या फक्त पापण्यांची कातडी काढली तर स्नायूला ताण धरण्याचे कारण उरत नाही, तो सैल पडतो आणि भुवया पूर्वीपेक्षाही खाली येतात. याउलट, दोष पापणीच्या आतल्या स्नायूत असताना भुवया उचलल्या, तर चेहरा आश्चर्यचकित आणि डोळे मात्र झोपाळू, असा विसंवाद कायमचा पदरी पडतो. छायाचित्र काढताना माणूस नकळत भुवया उंचावतो, त्यामुळे स्थिर चित्रावरून हे ओळखता येत नाही.

याच तक्रारीमागे काही आजारही असतात आणि ते शस्त्रक्रियेआधी वगळावे लागतात. पापणी सकाळी ठीक आणि संध्याकाळी खाली येत असेल, अधूनमधून एकाचे दोन दिसत असतील, तर मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू थकवणाऱ्या आजाराची शंका घ्यावी. त्यात आधी औषधोपचार करावे लागतात आणि भूल देतानाही विशेष काळजी घ्यावी लागते. भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ होऊन डोळ्याभोवती सूज वाटत असेल तर थायरॉईडची तपासणी करावी. एका बाजूची भुवई उतरण्यामागे जुना चेहऱ्याचा पक्षाघात असू शकतो. एकच पापणी अचानक पडली, त्या डोळ्याची बाहुली मोठी झाली आणि तीव्र डोकेदुखी असली, तर मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुग्याची शक्यता धरून त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावे. आपला त्रास वर्षानुवर्षे हळूहळू वाढलेला आहे, त्यामुळे ही शेवटची शक्यता आपल्या बाबतीत नाही. हे इतर वाचकांसाठी लिहिले आहे.

म्हणून पहिली पायरी रत्नागिरीतच नेत्रतज्ज्ञांकडे आहे. दृष्टिक्षेत्राची तपासणी, अश्रूंचे प्रमाण मोजण्याची शिर्मर चाचणी, पापणीची मोजमापे आणि मोतीबिंदूची पाहणी एवढे करून घ्यावे. डोळे कोरडे असतील तर भुवया आणि पापण्या एकाच वेळी उचलण्याचा निर्णय फार जपून घ्यावा लागतो, कारण दोन्हींचा मिळून परिणाम जास्त झाला तर झोपेत डोळा पूर्ण मिटत नाही आणि बुबुळाला इजा होते. आपल्या पॅकेजमध्ये दोन्ही शस्त्रक्रिया कोणतीही तपासणी न करता एकत्र घातल्या आहेत, याकडे आपले लक्ष वेधतो.

आता शस्त्रक्रियेचे प्रकार, कारण "ब्राउ लिफ्ट" या एका नावाखाली बरेच काही विकले जाते. जुन्या पद्धतीत एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत डोक्यावरून छेद घेऊन पूर्ण कपाळ उचलतात. परिणाम चांगला आणि टिकाऊ असतो, पण व्रण लांब असतो, डोक्याचा वरचा भाग दीर्घकाळ बधिर राहतो आणि केसांची रेषा मागे जाते. आधीच मोठे कपाळ असलेल्यांसाठी केसांच्या कडेलगतचा छेद सोयीचा असतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून दुर्बिणीची, म्हणजे एंडोस्कोपिक पद्धत रूढ झाली. तिच्यात केसांमागे तीन ते पाच लहान छेद घेऊन कपाळाच्या ऊती हाडापासून सोडवतात आणि टाके, छोटे स्क्रू किंवा शरीरात विरघळणारे आकडे वापरून वर बांधतात. फक्त बाहेरचे टोक उतरले असेल तर कानशिलाजवळच्या लहान छेदातून तेवढाच भाग उचलता येतो, आणि माझ्या अनुभवात आपल्याकडच्या पन्नाशीतल्या अनेक स्त्रियांना एवढेच पुरते. भुवईच्या अगदी वर छेद घेऊन कातडी काढण्याची थेट पद्धत अचूक असते, परंतु आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेवर व्रण काळसर किंवा जाड होण्याची प्रवृत्ती अधिक असते, म्हणून सौंदर्यासाठी मी ती सहसा सुचवत नाही. पूर्वी कान टोचलेल्या जागी किंवा लसीच्या जागी गाठ वाढली असेल तर ते सर्जनला आवर्जून सांगावे.

भुवई किती उंच न्यायची, हाही प्रश्न असतो. सध्या डोळ्याचे बाहेरचे टोक ताणून तिरपे करण्याची एक जागतिक फॅशन आहे, आणि जिथे दररोज त्याच मागणीचे रुग्ण येतात तिथे तोच साचा पुन्हा पुन्हा वापरला जाण्याचा धोका असतो. दोन भुवयांची आतली टोके जास्त वर गेली की चेहऱ्यावर कायमचे भांबावलेपण येते. आपल्याला थकलेले दिसायचे नाही, एवढीच आपली इच्छा आहे. ती सर्जनच्या कानावर त्याच शब्दांत, समोरासमोर आणि दुभाष्याच्या मध्यस्थीशिवाय जायला हवी.

गुंतागुंतीची यादी प्रत्येक संमतीपत्रावर असते, पण ती केव्हा घडते हे क्वचितच सांगितले जाते, आणि परदेशाच्या संदर्भात काळ हाच कळीचा मुद्दा आहे. कातडीखाली रक्त साठणे हे बहुधा पहिल्या २४ ते ४८ तासांत घडते आणि वाढलेला रक्तदाब हे त्याचे एक मोठे कारण आहे, म्हणून आपल्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. सूज आणि काळेनिळेपण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते, डोळ्यांवर उतरते आणि ओसरायला दहा ते चौदा दिवस लागतात. टाके किंवा स्टेपल सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास काढतात. म्हणजे पाच दिवसांच्या पॅकेजमध्ये आपण विमानात बसाल तेव्हा टाके डोक्यातच असतील. छेदालगतचे केस काही आठवड्यांनी गळू शकतात आणि बहुधा तीन ते सहा महिन्यांत परत येतात. टाळूचा बधिरपणा आठवडे ते महिने राहतो आणि तो ओसरताना डोक्याला असह्य खाज सुटते. सुप्राऑर्बिटल आणि सुप्राट्रॉक्लिअर या संवेदना नेणाऱ्या नसा ताणल्या गेल्याने हे होते.

सर्वांत गंभीर इजा म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या कपाळाकडे जाणाऱ्या शाखेला झालेली इजा. ही शाखा कानासमोरच्या लहान उंचवट्याच्या अर्धा सेंटिमीटर खालून निघून भुवईच्या बाहेरच्या टोकाच्या दीड सेंटिमीटर वर पोहोचणाऱ्या रेषेवरून जाते. ब्राझीलचे सर्जन इव्हो पितांगी यांच्या नावाने ती रेषा ओळखली जाते आणि प्रत्येक प्लास्टिक सर्जन ती मनात आखूनच कानशिलात शिरतो. ही शाखा ताणली गेली तर त्या बाजूची भुवई हलत नाही. बहुतेकदा काही आठवड्यांत ते सुधारते, पण तोपर्यंत "हे थांबून पाहायचे की काही करायचे" हे सांगायला ज्याने शस्त्रक्रिया केली तो माणूस हाताशी असावा लागतो. दोन बाजूंतील फरक, एका बाजूचे पुन्हा खाली येणे, व्रणाची रुंदी या गोष्टी तर तीन ते सहा महिन्यांनीच कळतात.

विमानप्रवासाविषयी. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस विमानप्रवास करू नये, असा अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचा सल्ला आहे. चार तासांपेक्षा लांब प्रवासात पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका एरवीही वाढतो आणि शस्त्रक्रियेनंतर तो अधिक असतो. इस्तंबूल ते मुंबई हा साडेसहा-सात तासांचा प्रवास आहे. त्यानंतर मुंबईहून रत्नागिरीपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरहून अधिक अंतर राहतेच. सुजलेले कपाळ आणि ताजे टाके घेऊन मुंबई-गोवा महामार्गावर रात्र काढणे कोणालाही हिताचे नाही. पावसाळ्यात तर परशुराम किंवा कशेडी घाटात दरड आली किंवा कोकण रेल्वे खोळंबली, तर अडचणीच्या वेळी मुंबई गाठणेही कठीण होते. जून ते सप्टेंबर या काळात ऐच्छिक शस्त्रक्रिया करून गावी परतण्याचे मी माझ्या रुग्णांना टाळायला सांगतो. दमट हवेत डोक्याला सतत घाम येतो आणि जखम कोरडी ठेवणे अवघड जाते, हेही एक कारण आहे.

जंतुसंसर्गाबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगायला हवी, कारण ती आपल्या देशात हमखास चुकते. सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी परदेशी गेलेल्या रुग्णांमध्ये मायकोबॅक्टेरियम ॲब्सेसस या जंतूचे संसर्ग नोंदले गेले आहेत. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये शस्त्रक्रिया करून अमेरिकेत परतलेल्या स्त्रियांमध्ये २००३-०४ मध्ये आणि पुन्हा २०१३-१४ मध्ये असे उद्रेक झाले. हा जंतू पाण्यात आणि मातीत राहतो आणि नीट निर्जंतुक न केलेल्या उपकरणांवाटे जखमेत शिरतो. लक्षणे काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी दिसतात. व्रणालगत लालसर गाठी येतात, त्या फुटतात, पू येतो आणि नेहमीच्या प्रतिजैविकांनी काहीच फरक पडत नाही. तो पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर क्षयाच्या जंतूसारखे जंतू दिसतात, आणि आपल्याकडे क्षय इतका सर्रास आढळतो की लगेच क्षयाची औषधे सुरू होतात. ती या जंतूवर चालत नाहीत. म्हणून परदेशातून शस्त्रक्रिया करून आलेल्या व्यक्तीच्या जखमेत असे काही दिसले, तर त्या व्यक्तीने शस्त्रक्रिया कुठे आणि केव्हा झाली हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे आणि पुवाचे मायकोबॅक्टेरियासाठी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, आणि जंतूच्या जातीची ओळख होईपर्यंत क्षयाची औषधे सुरू करू नयेत. उपचार अनेक औषधांनी कित्येक महिने चालतात. भारतातही असे संसर्ग होतात, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. फरक इतकाच की इथे शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनला बोलावून जाब विचारता येतो आणि त्याच्या उपकरणांची तपासणी होऊ शकते.

हे सगळे समजून घेऊनही काही जण परदेशी जातात, आणि त्यामागे योग्य कारणेही असू शकतात. मुलगा किंवा सून तिथे राहते, घरी महिनाभर सेवा होणार आहे, गावात कोणाला कळू द्यायचे नाही, ही मला पटण्याजोगी कारणे आहेत. रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या भागांतली असंख्य कुटुंबे आखातात आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत इस्तंबूलपेक्षा दुबईचा विचार अधिक समंजस ठरेल. मुलाच्या घरी तीन आठवडे राहता येईल, टाके तिथेच निघतील आणि सहा महिन्यांनी त्याला भेटायला गेलात की त्याच सर्जनला पुन्हा दाखवता येईल. दुबईत डॉक्टरला सहसा दुबई हेल्थ ऑथॉरिटी या तिथल्या सरकारी आरोग्य खात्याचा परवाना लागतो आणि तो त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तुर्कस्तानात परदेशी रुग्ण घेणाऱ्या रुग्णालयांना आणि मध्यस्थ संस्थांनाही तिथल्या आरोग्य मंत्रालयाचे वेगळे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. आपल्या मध्यस्थाकडे ते आहे का, हे आधी विचारा.

त्यापुढची चौकशी सर्जनविषयी करावी. क्लिनिकचे नाव, भिंतीवरची प्रमाणपत्रे आणि आधी-नंतरची छायाचित्रे यांवरून काहीच ठरत नाही. रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या जॉइंट कमिशन इंटरनॅशनल या संस्थेची मान्यता रुग्णालयाला असते, सर्जनला नाही. ती असणे चांगलेच, कारण निर्जंतुकीकरण, रक्तपुरवठा, अतिदक्षता यांची व्यवस्था तिच्यात तपासलेली असते, पण तिथे आपल्या कपाळावर कोण हात ठेवणार आहे हे तिच्यातून कळत नाही. सर्जन प्लास्टिक सर्जरीचा तज्ज्ञ म्हणून त्या देशात नोंदलेला आहे का, आयसॅप्स या आंतरराष्ट्रीय सौंदर्यशस्त्रक्रिया संघटनेचा सदस्य आहे का, हे त्या त्या संस्थेकडून पडताळावे. भूल कोण देणार, त्याचे नाव काय, रात्री रुग्णालयात ठेवणार की हॉटेलात पाठवणार, हे लेखी घ्यावे. आपल्यासारख्या रक्तदाबाच्या रुग्णाला मी पहिली रात्र रुग्णालयातच ठेवतो. ज्याच्याशी बोललो त्याच सर्जनने शस्त्रक्रिया करावी, हेही लेखी हवे. दक्षिण कोरियात भूल दिल्यावर दुसऱ्याच व्यक्तीने शस्त्रक्रिया केल्याची प्रकरणे इतकी गाजली की संपूर्ण भूल देऊन केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियांसाठी शस्त्रक्रियागृहात कॅमेरे बसवणे तिथे सप्टेंबर २०२३ पासून कायद्याने बंधनकारक झाले. सर्जनने स्वतः व्हिडिओवर अर्धा तास बोलायला नकार दिला आणि सगळी उत्तरे मध्यस्थच देऊ लागला, तर पुढे जाऊ नये. रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरने दलाली देणे-घेणे आपल्या देशात २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेने निषिद्ध आहे. आपला मध्यस्थ कोणाकडून किती घेतो हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तयारीच्या बाबतीत थोडेच लिहितो. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी ती घ्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञ ठरवील. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारे कोणतेही औषध चालू असेल तर ते देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवावे. माशाच्या तेलाच्या, लसणाच्या किंवा ई जीवनसत्त्वाच्या गोळ्याही सर्जनला सांगाव्यात. आपण लिहिलेले नाही, तरी कोकणात विचारावेच लागते असे एक आहे: मिसरी. ती लावणाऱ्या अनेक स्त्रिया "तंबाखू खाता का?" या प्रश्नाला प्रामाणिकपणे "नाही" म्हणतात. मिसरीतले निकोटिन सिगारेटइतकेच रक्तवाहिन्या आखडते आणि कातडीच्या कडा मरण्याचा, केस गळण्याचा धोका वाढवते. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर निदान चार आठवडे ती पूर्ण बंद हवी. मासे खाल्ल्याने जखम चिघळते हा समज मात्र निराधार आहे. ताजे मासे खुशाल खावेत.

परत येताना कागदपत्रे हातात असल्याशिवाय निघू नये. शस्त्रक्रियेची सविस्तर टिपणी, भुलीची नोंद, दिलेली औषधे, टाक्यांचा प्रकार आणि आत काही स्क्रू किंवा आकडे बसवले असतील तर त्यांच्या वेष्टनावरची चिकटपट्टी, हे सगळे इंग्रजीत असावे. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर आत काय आहे हे सांगता आले पाहिजे. जाण्यापूर्वीच इथल्या एखाद्या प्लास्टिक सर्जनला भेटून परत आल्यावर पाहण्याची त्याची तयारी आहे का, हे विचारून ठेवावे. दुसऱ्याने केलेल्या शस्त्रक्रियेची जबाबदारी घ्यायला आम्ही सर्जन बिचकतो, हे खरे आहे, आणि आधी ओळख व कागद असले की हा संकोच पुष्कळ कमी होतो.

पैशाचा हिशेबही नीट मांडावा. आपल्याकडच्या आरोग्यविम्यात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना किंवा सिद्ध झालेली वैद्यकीय गरज यांचाच अपवाद असतो. त्यामुळे परत आल्यावर गुंतागुंत झाली तर तिचा खर्चही बहुधा खिशातूनच जाईल. प्रवासविमाही उपचारासाठीच केलेल्या प्रवासाला सहसा लागू होत नाही. दुरुस्तीची शस्त्रक्रिया "मोफत" असे पॅकेजवर लिहिलेले असते, पण त्यासाठीचे विमानभाडे, सोबतीचा माणूस आणि पुन्हा घ्यावी लागणारी रजा आपलीच असते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५च्या निकालापासून भारतात सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते आणि २०१९च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. परदेशी क्लिनिकविरुद्धचा निकाल प्रत्यक्षात वसूल करणे मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे आहे.

आणि इथे काय मिळते? मुंबईत केईएम, सायन, नायर, जे. जे. या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे जुने विभाग आहेत, आणि सिंधुदुर्गातल्या रुग्णांना बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडते. दृष्टिक्षेत्रात अडथळा सिद्ध झाला तर पापणीची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयातही होऊ शकते आणि तेव्हा तिची गणना सौंदर्यात होत नाही. खासगी क्षेत्रात मुंबई-पुण्यात ही शस्त्रक्रिया नियमित करणारे सर्जन आहेत. त्यांची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. प्लास्टिक सर्जरी ही पदवी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदीत पाहता येते.

शस्त्रक्रियेविना काही करता येईल का, हे आपण विचारले नाही, तरी सांगतो. भुवई खाली ओढणाऱ्या स्नायूंत बोटॉक्स, म्हणजे स्नायू तात्पुरता सैल करणारे इंजेक्शन, दिल्याने बाहेरचे टोक एक-दोन मिलिमीटर उचलले जाते आणि परिणाम तीन ते चार महिने टिकतो. मात्र आपल्याप्रमाणे फ्रंटॅलिसच्या जोरावर पापण्या पेलणाऱ्या व्यक्तीच्या कपाळावरच्या रेषा घालवण्यासाठी तिथे बोटॉक्स दिले, तर तो एकमेव आधार जाऊन डोळे अधिकच जड होतात. ब्युटी पार्लरमध्ये असे इंजेक्शन कदापि घेऊ नये. धाग्यांनी भुवई ताणण्याचा परिणामही तात्पुरता असतो.

शेवटी वैशाखातले लग्न. वधूच्या आईला चार दिवस सर्वांच्या नजरेत राहावे लागते, रात्रीचे जागरण, फोटो, अंबाडा, गजरा हे सगळे असते. लग्नाआधी किमान तीन महिने आणि शक्यतो सहा महिने मोकळे राहणार नसतील, तर शस्त्रक्रिया लग्नानंतर करावी. बधिर टाळूवर घट्ट अंबाडा बांधल्यास कुठे रुतते आहे हे कळत नाही आणि व्रणालगतचे केस ओढले जातात. लग्नानंतर पावसाळा लागेल, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस मला आपल्यासाठी योग्य वाटतात. तेवढ्या अवधीत नेत्रतज्ज्ञांची तपासणी, थायरॉईड आणि रक्तदाबाची पाहणी आणि निदान दोन सर्जनांचा प्रत्यक्ष सल्ला आरामात होईल. महिनाअखेरची आगाऊ रक्कम भरू नये. तपासणीनंतर शस्त्रक्रियेची गरज नाही असे ठरले तर ती परत मिळेल का, हे मध्यस्थाला लेखी विचारावे. त्याचे उत्तर आणि नेत्रतज्ज्ञांचा अहवाल माझ्याकडे पाठवलात, तर भुवई, पापणी की दोन्ही, याविषयी मी आपल्याला अधिक नेमके सांगू शकेन.